पाच जनुकं आणि हजेरीपुस्तक

पुढचे दोघे मी रचलेले आहेत. मामा भोसरी एमआयडीसीत रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मिक्सिंग मिलवर होते. युनियनचं काम केलं, आता निगडीला यमुनानगरात राहतात. भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जनुकीय निदानाचं काम करते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात असे मामा आणि अशा भाच्या घरोघरी सापडतील. फक्त मूत्राशयाच्या कर्करोगावर ते एकमेकांशी बोलत नाहीत. बोलले तर काय होईल, ते मला लिहून बघायचं होतं. वादाला निमित्त मामांच्या जुन्या साथीदाराचं. त्याच्या मूत्राशयात गाठ निघाली आहे.

मामा : प्रेसपुढे आठ तास घाम गाळलेल्या माणसाची लघवी लाल झाली तर तो काय म्हणणार? उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी पी, सब्जा घे. दुखत नव्हतं, चार दिवसांनी आपोआप थांबलं. पुन्हा झालं, पुन्हा थांबलं. रिटायर झाल्यावरही तेच. मग कधीतरी सोनोग्राफी, मग दुर्बीण.

भाची : न दुखता रक्त जाणं हेच या आजाराचं पहिलं लक्षण, मामा. मुतखडा माणसाला झोपू देत नाही, हा गपचूप असतो. म्हणून मी म्हणते, रक्त दिसायची वाट कशाला बघायची? मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी सुटून लघवीत येतच असतात. त्यांच्यातलं आरएनए मोजता येतं.

मामा : आरएनए म्हणजे ते कोरोनावालं?

भाची : रसायन तेच, पण हे आपल्याच पेशीतलं. जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात, कुठं कुठली चालू आहेत यावर सगळा फरक. तुमच्या शॉपमध्ये वीस मशिनी होत्या. आत न जाता नुसते वीजमीटर बघितले तरी आज कुठल्या चालल्यात ते कळलं असतं. आरएनए म्हणजे ते मीटर. कर्करोगाच्या पेशीत काही मीटर जोरात पळतात. न्यूझीलंडमध्ये डुनेडिनच्या पॅसिफिक एज कंपनीची ‘सीएक्सब्लॅडर’ नावाची चाचणी आहे, ती पाच मीटर वाचते. एमडीके, सीडीके१, आयजीएफबीपी५ आणि एचओएक्सए१३ ही चार जनुकं गाठीत वाढलेली दिसतात. पाचवं सीएक्ससीआर२, ते पांढऱ्या पेशींचं. ते वाढलेलं असेल तर लघवीत नुसता जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त.

मामा : म्हणजे चौघं पकडणार आणि पाचवा जामीन देणार.

भाची : अगदी तसंच. आणि हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजू नका. क्षयासाठी सरकारी दवाखान्यांत जे सीबीनॅट मशीन आहे ना, त्याच सेफीड कंपनीचं मूत्राशयासाठीही एक कार्ट्रिज आहे. तेही पाच आरएनए मोजतं, जनुकं वेगळी. शिवाय कोरोनात गल्लोगल्ली आरटी-पीसीआर आले. मार्च २०२० मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं भारतीय किट पुण्याच्या मायलॅबचंच होतं. यंत्र आहे, ते चालवणारी मुलं आहेत. भोसरी-चाकणच्या कामगारांची वर्षातून एकदा लघवी घ्यायची, एवढंच उरतं.

मामा : तू फार शेवटून सुरुवात केलीस. तुझी पाच जनुकं काल-परवाची. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात, हे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने १८९५ साली सांगितलं. फुक्सिन रंग बनवणाऱ्या ४५ जणांत तीन रुग्ण. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं त्यावर अहवाल काढला. तेव्हा तुझं आरएनए कुठं होतं?

भाची : हे सगळं तोंडपाठ?

मामा : युनियनच्या शिबिरात एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, वहीत लिहून घेतलं. रबराचं तर जास्त सांगितलं.

रबराची गोष्ट मामांपेक्षा जरा सविस्तर सांगायला हवी. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस हा संशोधक रंगरसायन कामगारांच्या मृत्यूंची मोजदाद करत होता. तुलनेसाठी त्याने बर्मिंगहॅम घेतलं, कारण तिथे रंगाचा धंदा नव्हता. तर तिथेही मूत्राशयाचे रुग्ण जास्त, आणि त्यांत रबर कामगार. रबर लवकर कडक होऊ नये, भेगा पडू नयेत म्हणून कंपाउंडात अँटिऑक्सिडंट घालतात. नोनॉक्स एस या अशाच मालात बीटा-नॅफ्थिलअमाइन शिल्लक राहत होतं. तो माल १९४९ मध्ये बाजारातून काढला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आजारी कामगारांच्या दाव्यात इंग्लंडच्या न्यायालयाने रबर कंपनी आणि रसायन कंपनी दोघींनाही जबाबदार धरलं. माल गेला, पण ज्यांनी तो हाताळला होता त्यांच्या गाठी पुढे वीस-तीस वर्षं निघतच राहिल्या. ही वीस-तीस वर्षं आपल्या पट्ट्यासाठी महत्त्वाची आहेत. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि पिंपरी-भोसरीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत कामाला लागलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे, म्हणजे नेमकी या आजाराच्या वयात. चाकणला मोठे वाहन कारखाने आले ते २००० च्या आगेमागे आणि नंतर. तिथल्या पोरांचा हिशेब २०३० नंतर सुरू होईल.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे लिऑनची आयएआरसी, रबर उत्पादनातलं काम आणि रंगाऱ्याचं काम दोन्ही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवते, आणि दोन्हींच्या पुढे मूत्राशयाचं नाव आहे. रंगारी म्हणजे भिंत रंगवणाराच नव्हे, पेंट बूथमध्ये स्प्रे गन धरणारा पोरगाही.

भाची : पण तुमचा साथीदार विडी ओढायचा.

मामा : ओढायचा. आणि तिथेच कागद बंद झाला. ओपीडीत पहिला प्रश्न, विडी-सिगारेट? हो म्हटलं की डॉक्टरनं मान हलवली, लिहिलं, पुढचा पेशंट. कारखान्यात काय करत होतास, हे कुणी विचारलं नाही. विडी त्याने ओढली हे खरं. पण काळ्या पावडरीत अर्धं आयुष्य उभा होता हेही खरं.

भाची : विडी-सिगारेटच्या धुरातसुद्धा तेच बीटा-नॅफ्थिलअमाइन असतं, ४-अमिनोबायफिनाइलही. जगभरातल्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांच्या मागे तंबाखूचा धूर आहे.

मामा : म्हणजे मिलवरही तेच विष आणि विडीतही तेच. मग गाठ कुणाची, मालकाची की विडीची? तुझी जनुकं सांगतील?

भाची : नाही सांगणार. (थोडं थांबून) हे मला कबूल करायलाच हवं. सिगारेटमुळे झालेल्या फुप्फुसाच्या गाठीत डीएनएवर धुराचा ठसा स्पष्ट दिसतो. मूत्राशयात तसं नाही. तिथे सगळ्यात ठळक दिसतो तो एपोबेक नावाच्या आपल्याच शरीरातल्या एन्झाइमांचा ठसा. त्यावरून हा माणूस मिक्सिंग मिलवर होता असं वाचता येत नाही.

मामा : मग भरपाईच्या कोर्टात तुझ्या रिपोर्टची किंमत शून्य.

इथे मी थोडा मामांकडे झुकतो. कायदा कामगाराच्या बाजूने वाटतो तेवढा कोरडा नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक कर्करोग होता, आणि कलम ८९ नुसार तो बघणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणं बंधनकारक होतं. भरपाईच्या कायद्यात बेंझिनच्या नायट्रो आणि अमिडो विषांमुळे होणारे आजारही आहेत. सलग सहा महिने त्या मालकाकडे तसं काम केलं असेल तर आजार कामामुळेच झाला असं गृहीत धरलं जातं. पण यातली प्रत्येक गोष्ट एका प्रश्नावर अडते: हा माणूस कुठे, किती वर्षं, कशावर काम करत होता? तो प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीत तो विचारला जात नाही याला पैसा, यंत्र, तंत्रज्ञान यांतलं काहीच कारण नाही.

भाची मात्र गप्प बसणारी नाही.

भाची : कोर्टासाठी नसेल. पण माणसासाठी आहे ना? भारतात २०२० साली मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ हजार नवे रुग्ण झाले असा जागतिक अंदाज आहे. पहिल्यांदा सापडतात तेव्हा चारांतल्या तिघांची गाठ स्नायूत शिरलेली नसते. तेव्हा पकडली तर मूत्राशय वाचतं.

मामा : तर मग सांग, सगळ्या पट्ट्याची लघवी तपासायची. खोटे रिपोर्ट किती येतील?

भाची : हिशेबच मांडते, आकडे समजुतीसाठी. दहा हजार कामगार तपासले, त्यांतल्या दहांना कर्करोग आहे असं धरा. चाचणी आजारी शंभरांतल्या ८० जणांना ओळखते आणि निरोगी शंभरांतल्या ८५ जणांना बरोबर सोडून देते. म्हणजे दहांतले आठ सापडले.

मामा : आणि निरोगी?

भाची : जवळजवळ दीड हजार उगाच अडकले.

मामा : दीड हजार माणसांच्या लघवीच्या जागेतून दुर्बीण घालणार! आठांसाठी! आणि त्या दीड हजारांत ठेकेदाराचे किती? त्यांची रजा कोण भरणार? दुर्बीण लागलीय असं कळलं तरी ठेकेदार म्हणेल, उद्यापासून येऊ नको.

भाची : ऐका की. आता दुसरा गट घ्या. हजारच माणसं. पण अशी, की ज्यांच्या लघवीत रक्त आढळलंय आणि ज्यांनी वीस वर्षं मिक्सिंग मिलवर, पेंट बूथमध्ये काढलीत. अशा हजारांत शंभरांना आजार आहे असं धरू. ऐंशी सापडतात, उगाच अडकतात १३५. चाचणी तीच, कार्ट्रिज तेच, खर्च तोच. पहिल्या गटात पॉझिटिव्ह रिपोर्टला काही अर्थ नव्हता, दुसऱ्यात आहे.

मामा : आणि हे हजार निवडले कुणी?

भाची : (हसून) तुमच्या हजेरीपुस्तकानं.

हा त्यांच्या वादातला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग. चाचणी किती चांगली यावर आपण तासन्‌तास बोलतो. ती कुणावर करायची हे ठरवणारी माहिती गोळा करायला मात्र कुणी तयार नसतं. जर्मनीत यूरोस्क्रीन नावाचा अभ्यास २००३ ते २०१० असा चालला. अरोमॅटिक अमाइन, म्हणजे बीटा-नॅफ्थिलअमाइनच्याच कुळातली रसायनं, हाताळलेले दीड हजारांवर कामगार, दरवर्षी लघवी. सर्व्हायव्हिन या जनुकाचं आरएनए मोजलं, तर गाठ निघालेल्या पाचांतल्या जेमतेम एकालाच त्याने ओळखलं. तरी तो अभ्यास मला यशस्वीच वाटतो, कारण कुणाला बोलवायचं हे त्यांना माहीत होतं. कोण कधी काय हाताळत होता याच्या याद्या त्यांच्याकडे होत्या. आपल्याकडे उद्या शंभर टक्के अचूक चाचणी आली तरी बोलवायचं कुणाला, इथेच गाडी अडेल.

मामा : एक सांगू का? मला या चाचणीची भीतीही वाटते. वर्षाच्या मेडिकलमध्ये कंपनीने गुपचूप जनुकं तपासली आणि ‘याला पुढे कॅन्सर होईल’ म्हणून काढलं तर?

भाची : भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीने कामगारांच्या नकळत त्यांच्या रक्तातली जनुकं तपासली होती, मनगटाच्या दुखण्यात दोष त्यांच्याच जनुकांचा आहे असं दाखवायला. २००२ मध्ये तडजोडीत २२ लाख डॉलर मोजावे लागले. २००८ मध्ये तिथे त्याविरुद्ध कायदा झाला. पण मी म्हणते ती चाचणी जन्मजात जनुकांची नाही. आज मूत्राशयात काय चाललंय तेवढंच ती वाचते. पुढचं भविष्य नाही सांगत.

मामा : हे तुला कळतं. एचआरवाल्याला कळतं का?

याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाही नाही. ती विषय बदलते. तसा तिचा खरा जीव स्क्रीनिंगपेक्षा रुग्ण झालेल्या माणसावरच आहे.

भाची : बरं, तुमच्या साथीदाराचंच बघू. गाठ काढली की सुटला असं होत नाही. हा आजार पुन्हा पुन्हा उगवतो. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण. प्रत्येक वेळी उपाशीपोटी जायचं, दिवस बुडवायचा. कमी जोखमीच्या माणसाची लघवीची चाचणी नीट आली तर त्यातल्या काही दुर्बिणी टाळता येतात का, यावर जगभर काम चाललंय. तिथे मला आरएनए चाचणीचा खरा उपयोग दिसतो.

मामा : हे पटतं. औषध काय देतायत त्याला, बीसीजी. लहान पोरांच्या दंडाला देतात ती लस मूत्राशयात कशाला, मला कळेना.

भाची : तिथे सोडली की शरीराची संरक्षक फौज खवळते आणि उरलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. १९७६ पासून वापरतात. आणि ती कुठून येते माहितीय? हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटची ऑन्को-बीसीजी. बाहेरच्या देशांत बीसीजीचा तुटवडा पडला होता.

मामा : आणि गाठ स्नायूत गेली असती तर?

भाची : तर प्रश्न वेगळा. तिथे गाठीतलं आरएनए बघून तिचे प्रकार पाडलेत. अमेरिकेच्या जीनोम अ‍ॅटलस प्रकल्पाने २०१७ मध्ये ४१२ गाठी तपासून पाच प्रकार केले. मग २०२० मध्ये वेगवेगळ्या गटांनी १,७५० गाठींवर सहा प्रकारांवर एकमत केलं. ढोबळ दोन कुळं धरा. एक ल्युमिनल, मूळ अस्तराशी नातं सांगणारं. दुसरं बेसल, जास्त आडदांड. कुळ ओळखायला महागडी यंत्रं लागतातच असं नाही. जीएटीए३ आणि सीके५/६ या दोन प्रथिनांचे रंग पॅराफिनच्या ब्लॉकवर चढवले तरी बराच अंदाज येतो. तो ब्लॉक साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही असतो.

मामा : आणि त्यावरून औषध ठरतं?

भाची : अजून नाही. (पुन्हा थांबते.) अमेरिकेतच कॉक्सेन नावाचं गणित होतं. गाठीतली जनुकं बघून कुठली केमोथेरपी लागू पडेल ते सांगणारं. चाचणीत घेतलं तेव्हा ते अपेक्षेप्रमाणे उतरलं नाही. एफजीएफआर३ या जनुकात बदल असेल तर एर्डाफिटिनिब नावाची गोळी आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पण ती आरएनएच्या कुळावर दिली जात नाही, डीएनएतल्या बदलावर दिली जाते.

बेसल कुळाचा एक स्क्वॅमस चेहरा आहे, आणि त्याचं एक नातं महाराष्ट्राशी जोडता येतं. इजिप्तमध्ये मूत्राशयाच्या स्क्वॅमस कर्करोगामागे शिस्टोसोमा हा लघवीच्या वाटेचा परजीवी असतो. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात अशाच परजीवीच्या संसर्गाची नोंद केली, तीही लघवीतून रक्त जाणाऱ्यांत. कोकणातल्या खेड्यात, परजीवी जिच्यात वाढतो त्या गोगलगायीपर्यंत माग काढणारी माणसं तेव्हा होती. एमआयडीसीतल्या ड्रमचा माग काढायला तितकी जिद्द दाखवलेली मला कुठे दिसली नाही. विषयांतर झालं, पण सोडवेना.

मामा : तुझ्या गोष्टीत दरवेळी ‘अजून नाही’ येतं.

भाची : तुमच्या गोष्टीत दरवेळी ‘कुणी विचारलं नाही’ येतं.

मामा : मग मला काय पाहिजे ते सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी सुप्रीम कोर्टाने १९९५ साली आदेश दिलाय. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर असेल तोवर ठेवायची. तेच रबर, पेंट, रंगरसायनाला लावा. माणूस गेल्यावर नाही, असताना नोंद. कुठल्या शॉपमध्ये, कुठला माल.

भाची : आणि ते कारखाने बंद पडले तर? तुमचाच पडला ना?

मामा : पडला. रजिस्टर भंगारात गेलं असणार.

भाची : म्हणून म्हणते, नोंद कारखान्याकडे नको, माणसाबरोबर फिरली पाहिजे. पीएफचा यूएएन नंबर २०१४ पासून आहे. माणूस कंपनी बदलतो, नंबर तोच. कुठे किती महिने होता, सगळं त्यात. त्याला फक्त कामाचा प्रकार जोडायचा: मिक्सिंग, स्प्रे पेंट, कूलंट. दवाखान्यात आला की नंबर टाकला, समोर आलं. मग मी माझं कार्ट्रिज वापरू की नको ते ठरवीन.

मामा : आयडिया चांगली आहे. आता माझ्या पुतण्याचं पासबुक बघ. चाकणला आहे. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, पुन्हा सात महिने. ईएसआय २१ हजारांपर्यंत पगार असेल तरच, आणि ब्रेक लांबला की तेही संपलं. पीएफच्या पानावर कंपनीचं नाव येत नाही, ठेकेदाराचं येतं. पाच वर्षांत चार नावं, सगळी कुठल्या ना कुठल्या मॅनपॉवर सर्व्हिसेस. त्यातल्या दोन आता अस्तित्वात नाहीत. तो त्या काळात पेंट बूथमध्ये होता, हे फक्त त्याला आणि मला माहीत आहे.

भाची : तो आत्ता घरी आहे?

मामा : सेकंड शिफ्ट आहे. का?

भाची : रविवारी बोलवा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठे होता, बूथमध्ये कुठल्या कंपनीचा थिनर येत होता, डब्यावर काय छापलं होतं, आठवेल तेवढं लिहून घेऊ. सही त्याची, आणि साक्षीदार म्हणून तुमची.

मामा : आणि तुझी चाचणी?

भाची : त्याला आत्ता नाही करणार. तो २६ वर्षांचा आहे, लघवी साफ आहे, रिपोर्टला काही अर्थ निघणार नाही. तुमच्या साथीदाराची तीन महिन्यांनी दुर्बीण आहे ना, त्याच्या आधी त्याची घेईन.

मामा : पैसे?

भाची : ते मी विचारते लॅबमध्ये.